थोरलीचा पेनड्राइव्ह
आईकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून थोरलीने इंटरनेटशिवाय चालणारा बागकामाचा गेम आपल्या घरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणला. पण आईच्या कॉम्प्युटरवर तोच गेम आधीच होता. "धाकटीने तिच्या कॉम्प्युटरवरून आणून दिला," आई कौतुकाने म्हणाली. "माझी बाग बघ तरी केवढी झालीय!" थोरलीच्या पोटात दुखलं. आई चहा टाकायला गेली, तशी तिने धाकटीचा गेम मुळासकट उडवला आणि आपला कॉपी केला. आई परतली, तर पडद्यावर मोकळं रान. "माझी झाडं कुठे गेली गं?" "जुना गेम बिघडला होता. हा नवा घे." आई हिरमुसली. "आता मला एकटीला नाही जमायचं. धाकटी सुट्टीभर शेजारी बसली, तेव्हा कुठे शिकले." "सुट्टीभर?" थोरली चहापुरतीच आली होती. तिने खांद्यावरची पर्स उतरवली, खुर्ची ओढली. "मी त्याहून जास्त बसेन."