कापल्या नावापुढे सही

“दहा मिनिटं,” प्लेसमेंटच्या मॅडम मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत म्हणाल्या. “बँकेला हो की नाही, एवढंच सांगायचं.”

कासवाने त्या घड्याळाकडे बघितलं. वसतिगृहात त्याला कासव म्हणत, कारण धोका दिसला की हा मान आत घेणार. गार दूधसुद्धा फुंकून पिणारा प्राणी.

नियम सगळ्यांना पाठ होता. एका मुलाला एकच नोकरी. हो म्हटलं की बाकी सगळ्या कंपन्यांच्या याद्यांवरून नंबर कापायचा आणि कापल्या जागेपुढे मुलाने सही करायची. नाही म्हटलं, तर ती नोकरी प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला. मग रडून-भेकून उपयोग नाही.

बँकेची नोकरी समुद्रापार होती, चार वर्षांच्या करारावर. त्याला हवी होती ती कन्सल्टिंग कंपनी. जागा एकच, पण ऑफिस त्याच्या गावात, घरापासून चालत दहा मिनिटांवर. घरी आई एकटी. तिचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचा भरवसा नाही. दूध उतू गेलेलं तिला वासावरूनच कळायचं. पण त्या कंपनीचा निकाल अकराला लागणार होता, आणि आत्ता कुठे दहा वाजले होते.

तो व्हरांड्यात आला, तोच खबऱ्या धावत समोर आला. दोन वर्षं एका खोलीत काढलेला हा मित्र. कॉलेजातली बातमी सगळ्यांत आधी आणायचा. दहातल्या चार खऱ्या निघायच्या. आज तो स्वयंसेवक होता, त्याच कंपनीच्या दारावर. नारिंगी जाकिटाखाली बूट मात्र मुलाखतीचेच, चकचकीत.

“बँकेला नाही म्हणून सांग,” तो धापा टाकत म्हणाला. “आत्ता आत चहा द्यायला गेलो होतो. साहेबांपुढे यादी होती. पहिला नंबर तुझा आहे.”

“नीट बघितलंस?”

“कप ठेवताना. या डोळ्यांनी बघितलं रे.”

“आणखी कोण होतं यादीत?”

खबऱ्याने नजर वळवली. “तुला काय करायचंय? तू पहिला आहेस, तेवढं पुरे नाही का?”

ती वळलेली नजर कासवाने टिपली. खबऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर बँकेची प्रतीक्षा यादी लावलेली होती. तिच्यात सगळ्यांत वर खबऱ्याचाच नंबर. काल कन्सल्टिंगवाल्यांनी खबऱ्याला बारा मिनिटांत बाहेर काढलं होतं. ‘माझा निकाल लागला,’ असं तो स्वतःच म्हणाला होता. म्हणजे आता त्याच्या नशिबात काय उरलं होतं? बँकच. आणि ती मिळायची कधी? कासवाने सोडली तर.

त्याने आईला फोन लावला. सगळं सांगितलं, खबऱ्याचंही.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, बाळा,” ती म्हणाली. “माझी काळजी करू नकोस. मला घर पाठ आहे.” शेवटचं वाक्य तिने जरा घाईनेच संपवलं.

नवव्या मिनिटाला त्याने हो म्हटलं. मॅडमनी तीन याद्यांवर सह्या घेतल्या. “कन्सल्टिंगची यादी आतच आहे. कापायला मी सांगते. यादी बाहेर आली की सही घेईन.”

दारात खबऱ्या उभा होता. “काय केलंस रे हे!” त्याचा आवाज कापत होता. “एक तास थांबला असतास!”

कासवाला त्याची कीव आली. तोंडचा घास गेला, की माणूस रडणारच.

पुढचा तास तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. चार वर्षं. आईचा दुसरा डोळा तेवढं थांबेल का, हाच एक प्रश्न डोक्यात घुमत होता. खबऱ्या खरं बोलत असला तर? असं मनात आलं, की तो स्वतःलाच दटावायचा.

अकराला फलकावर कागद लागला. त्यावर एकच नंबर होता. खबऱ्याचा.

कासवाने तो तीनदा वाचला. आपला नंबर कुठेच नव्हता! म्हणजे थापच होती. छातीवरचं ओझं उतरलं. बरं झालं, याचं ऐकलं नाही. दोन्हीकडून गेलो असतो. एवढ्या आनंदात त्याने खबऱ्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली. “बारा मिनिटांत मैदान मारलंस की, थापाड्या!”

खबऱ्या हसला नाही. “अरे, ऐक ना,” तो म्हणाला.

तेवढ्यात आईचा फोन आला. बातमी ऐकून तिने खबऱ्यालाच फोन द्यायला सांगितलं.

“काकू, येतोय तुमच्या गावात,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “एखादी खोली बघून ठेवाल का?”

“खोली कशाला शोधतोस? याची रिकामीच आहे की,” आईचा आवाज कासवालाही ऐकू आला. “दुधाकडे बघायला तरी कुणी असेल.”

कासवाने मान आत घेतली.

“अरे, तुझी एक सही राहिली,” मागून मॅडम आल्या. “कन्सल्टिंगची मूळ यादी आत्ता मिळाली.”

त्याने पेन उघडलं. कागदावर दोनच ओळी होत्या. वरची त्याच्या नंबराची, लाल रेघेने कापलेली. खालची खबऱ्याच्या नंबराची. आणि त्या दोन्ही ओळींना वेढून चहाच्या कपाचा गोल डाग वाळला होता.