वाकलेली पेनी

एडवर्ड वाकला होता.

मंजिरीने डबी उघडली आणि नाणं खिडकीच्या उजेडात धरलं. एडवर्ड म्हणजे रवींद्रचं, तिच्या नवऱ्याचं, सगळ्यांत लाडकं नाणं. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाची चांदीची पेनी. नाणी पाडायची यंत्रं नव्हती तेव्हाची, हातोडी मारून पाडलेली, नखाएवढी आणि पोह्याच्या पापडासारखी पातळ. काल संध्याकाळपर्यंत ती सपाट होती. आज मधोमध दुमडलेली.

इकडे परदेशात, टूनगॅबीत, लोक बॅकयार्डमध्ये स्विमिंग पूल बांधतात, आमच्या ह्याने मेलेल्या राजांसाठी कपाट बांधलं, असं मंजिरी चारचौघांत म्हणायची. पण ह्या एका राजाची ती कधी थट्टा करत नसे. गेल्या वर्षी रवींद्रच्या हृदयात स्टेंट बसवला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने पहिली गोष्ट घेतली ती ही पेनी. मी परत आलो, त्याची आठवण, म्हणाला होता.

आणि चूक तिचीच होती. लक्ष्मीपूजनाला त्याच्याकडून एक चांदीचं नाणं मागून घ्यायचं, हा तिचा दरवर्षीचा हट्ट. घरात एवढी जुनी चांदी असताना देवीपुढे पाच सेंट ठेवायचे म्हणजे काय! तो कुरकुरत द्यायचा आणि वर सूचनांची सरबत्ती: पाणी नको, कुंकू नको, कडेनेच धर. यंदा मात्र त्याने न मागता एडवर्डच आणून दिला. तिला इतका आनंद झाला की त्या गडबडीत तिने तांब्याचा भरलेला कलश नेमका पेनीवर टेकवला. लक्षात आल्यावर घाईघाईने नाणं काढून पुसलं आणि न बघताच डबीत टाकलं. आज डाग राहिलाय का बघायला डबी उघडली, तर हे.

एरवी तिने सरळ सांगून टाकलं असतं. तो चार दिवस गाल फुगवून बसला असता आणि विसरला असता. पण हा आठवडा एरवीसारखा नव्हता. तिच्या डाव्या छातीत गाठ लागली होती. सुईने तुकडा काढून तपासायला गेला होता आणि गुरुवारी रिपोर्ट येणार होता. रवींद्रला यातलं काही माहीत नव्हतं, माहीत होऊ द्यायचंही नव्हतं. त्याची आई याच आजाराने गेली होती आणि त्याच्या हृदयाला आता धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायोप्सीच्या दिवशी ऑफिसचं ट्रेनिंग आहे सांगून ती एकटीच गेली आणि एकटीच परत आली. रिपोर्ट चांगला आला तर सांगायचंच कशाला? वाईट आला तर काय, याच्यापुढे तिचा विचार जातच नसे. तिला भीती वाटत होती, खूप भीती वाटत होती.

नशीब, त्याला काही दिसत नव्हतं. नाण्यांच्या वेडापुढे बायकोचं तोंड बघायला फुरसत कुणाला? उलट तोच हल्ली आपल्या तंद्रीत वागत होता. ट्रेनचे घोळ चाललेत म्हणून पॅरामॅटाच्या ऑफिसला न जाता घरूनच काम करत होता. स्वतःचा खांदा दुखतो असं सांगून वरच्या फळीवरचे सगळे डबे त्याने खाली आणून ठेवले. तिला ते बरंच पडलं, कारण डावा हात वर जात नव्हता. सकाळचा चहाही तोच करत होता, पांचट, पण तिने नावं ठेवली नाहीत.

त्याची मीटिंग चालू झाल्यावर तिने शिरीषला फोन लावला. शिरीष म्हणजे रवींद्रचा नाण्यांच्या क्लबातला दोस्त, रिटायर्ड डेंटिस्ट. हात हलका. आर्व्होला, म्हणजे दुपारी, घरीच आहे, या, म्हणाला. भाजी आणते असं सांगून मंजिरी निघाली. रवींद्रने हेडफोन काढून, मी आणतो की, तू कशाला पिशव्या उचलतेस, असं म्हटलं. मीटिंग कर गप, म्हणून ती सटकली.

शिरीषपुढे तिने डबी ठेवली आणि कलशापर्यंत सगळं सांगितलं. रवीला कळायच्या आत सरळ करून द्या, म्हणाली. बोलताना तिचे डोळे भरून आले, आणि नाण्यासाठी रडतेय असं त्याला वाटेल याची तिला लाजही वाटली.

शिरीषने भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, हे कलशाने झालेलं नाही. वजनाने नाणं चेपतं, असं दुमडत नाही. हे कुणीतरी पकडीने धरून वाकवलंय. मुद्दाम."

कोण वाकवेल, तिने विचारलं. मुलगा नचिकेत दुसऱ्या शहरात, क्लेटनला युनिव्हर्सिटीत, घरात ती दोघंच. आणि रवी तर ओल्या हाताने डबीलासुद्धा शिवत नाही.

शिरीषने भिंग खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं की त्या काळी इंग्लंडात अशी रीत होती. घरातलं कुणी आजारी पडलं की जवळचं माणूस पेनी त्याच्या डोक्यावर धरायचं, एखाद्या संताचं नाव घ्यायचं आणि ती वाकवायचं. वाकवलेली पेनी मग खर्चायची नाही, ती देवाची झाली. माणूस बरं झालं की संताच्या समाधीवर नेऊन वाहायची. आपण देवापुढे सव्वा रुपया फडक्यात बांधून ठेवतो, तसंच. हे रवीनेच क्लबात सगळ्यांना सांगितलं होतं, आणि लोक देवालाही लाच देतात म्हणून पोट धरून हसला होता.

शिरीषने पेनी सरळ न करता तशीच डबीत ठेवली आणि डबी तिच्याकडे सरकवली.

"वहिनी, रवी कुणासाठी बोललाय हा नवस? घरी सगळे बरे आहेत ना?"