पाठमोरी खुर्ची

दिनांक १२ फेब्रुवारी २००७, सोमवार, सकाळचे सहा वाजून पाच मिनिटे. स्थळ : खडकी येथील कामगार वसाहतीमागचे मैदान, एक फेरी पाचशे मीटरची.

निवृत्त हवालदार सर्जेराव ननावरे नेहमीप्रमाणे मैदानाकडे पाठ करून लोखंडी खुर्चीत बसले होते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ते आठ वर्षे शिकवीत होते आणि त्या आठ वर्षांत त्यांनी कोणाचीही फेरी मोजली नव्हती. धावणाऱ्याने धावून यावे आणि आपला आकडा आपण सांगावा. सर तो वहीत लिहीत, शंका घेत नसत. ज्याला स्वतःच्या फेऱ्या सचोटीने मोजता येत नाहीत, त्याच्या पायांत बळ असून उपयोग काय, असा त्यांचा सवाल असे. आणि त्याला उत्तर देण्याची मुभा नसे.

समोरच्या पायऱ्यांवर त्यांच्याकडेच धावायला येणारी मैत्री बसली होती. शेजारी तिची आई सुंदराबाई उभ्या होत्या. अंगावर हिंजवडीतल्या एका कंपनीच्या साफसफाईच्या कंत्राटाचा राखाडी गणवेश. हातातल्या पिशवीत तसाच दुसरा, कोरा, घडी न मोडलेला.

"शनिवारी काय झालं ते हिच्याच तोंडून ऐका, सर," सुंदराबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल."

मैत्रीने सांगितले. आवाज अहवाल वाचणाऱ्याचा होता. सरकारी भरतीची चाचणी, तीन किलोमीटर, तिथेही सहाच फेऱ्या. पाचवी संपताच मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने तिला हाताने थांबवले. ती म्हणाली, "साहेब, माझ्या पाचच झाल्यात." त्याने हातातला कागद पाहिला, मग तिला पाहिले. "बाई, मी सहा लिहिल्यात. व्हा बाजूला." ती झाली नाही. तिने पुन्हा सांगितले. मग अधिकारी आले, दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाले, पळा. घड्याळ मात्र कोणी थांबवले नव्हते. सहावी फेरी संपली तेव्हा मुदत उलटून चौदा सेकंद झाले होते.

"आणि वय?" सरांनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते.

"मार्चमध्ये बाद."

मागे मैदानावर तेवीस जण व्यायाम थांबवून ऐकत होते. गुरुवारी त्यांचीही तीच चाचणी होती.

"साडेसहाला आमची बस येते," सुंदराबाई म्हणाल्या. "आजपासून ही माझ्याबरोबर. रडायला वेळ नाही, म्हणून एकच विचारते. पोरीनं केलं ते बरोबर की चूक? तुम्ही बरोबर म्हणालात, तर जन्मात तिला एका शब्दानं बोलणार नाही. चार वर्षं तुमच्या भरवशावर पाठवली आहे."

सरांनी वही उघडली. मैत्रीच्या पानांवर सगळीकडे सहाचा आकडा होता. एके ठिकाणी मात्र, तापातून उठल्याच्या दिवशी, तिने स्वतः सांगितलेले 'साडेतीन'. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सर ते पान दाखवीत.

"वही छान ठेवलीत हो," सुंदराबाई म्हणाल्या. "रेशनच्या दुकानात चालते का?"

सरांनी एकदा त्या साडेतीनकडे पाहिले. मग त्यांनी वही मिटली.

"मैत्री, तिथं गप्प बसायचं होतं."

"तिथं?"

"इथं चारित्र्य घडवायचं असतं. तिथं नोकरी मिळवायची असते. चार वर्षांत एवढं कळायला हवं होतं तुला."

त्यांनी आवाज खाली ठेवला होता. तथापि सकाळच्या शांततेत त्या मैदानावर शब्द पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो, हे त्यांनीच मुलांना अनेकदा बजावले होते.

सुंदराबाईंनी पिशवी लेकीच्या मांडीवर ठेवली. जे ऐकायला आल्या होत्या तेच ऐकले, असे त्यांच्याकडे पाहून वाटत नव्हते. त्या खालच्या पायरीवर एकदम बसल्या आणि गुडघे चोळीत राहिल्या.

"काय बघताय?" सर मान न वळवता ओरडले. "सहा फेऱ्या. सुटा."

तेवीस जोड्या पाय धावू लागले. सरांची खुर्ची होती तशीच राहिली. त्यांच्या समोर मैत्रीने गणवेशाची घडी मोडली, टी-शर्टावरच तो सदरा चढवला आणि गुंड्या लावायला घेतल्या. गुंड्यांची भोके नवी होती. एकेक गुंडी बोटांनी बळेच आत सारावी लागत होती. नजर मात्र सवयीने मैदानावर होती.

मुले परतली. सरांनी पेन उघडले.

"सहा."

"सहा, सर."

"पाच. पोटात कळ आली."

सरांनी पाच लिहिले. त्यापुढे शरच्चंद्र होता. गुरुवारच्या यादीतले पहिले नाव त्याचे. त्याला इतरांइतकी धाप लागलेली नव्हती. त्याने सरांच्या हातातल्या पेनाकडे पाहिले.

"सहा."

पेन कागदावर टेकले, क्षणभर तिथेच थांबले, आणि सरांनी सहा लिहिले.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. सुंदराबाई उठल्या. मैत्रीही उठली, गळ्याजवळची शेवटची गुंडी लावता लावता, आवाज न चढवता ती म्हणाली,

"त्याच्या पाच झाल्यात, सर."