निळ्या शर्टातला

"त्यो बघा, निळ्या शर्टातला! माझा काशिफ!"

रोज दुपारी चार वाजता हुसेनबीच्या घरातून ही हाळी उठायची आणि शेजारच्या धोंडुबाईच्या पोटात दुखायला लागायचं.

चॅनल अरबी बातम्यांचा. उचगावच्या त्या गल्लीत कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण बातम्या देणाऱ्या बाईच्या मागे, काचेपलीकडे, ऑफिस दिसायचं आणि तिथं रोज पाठमोरा बसलेला निळ्या शर्टातला माणूस म्हणजे काशिफ. एवढ्यासाठी अर्धी गल्ली जमायची. हुसेनबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला निळा ठिपका तेवढा कळायचा. त्यावरही ती दोन घास जास्त जेवायची.

काशिफ आणि धोंडुबाईचा सम्राट एकाच विमानानं आखातात गेले होते. एक टीव्हीत बसला, दुसरा गोदामात. टीव्हीवाल्यांचे नियम म्हणे फार कडक. दीड वर्षात काशिफचा स्वतःचा एकही फोन आला नव्हता, त्याची खुशाली सम्राटच कळवायचा. निळ्या शर्टाची खूणही त्यानंच हुसेनबीला सांगितली होती. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करायला हा सगळ्यांच्या पुढं!

"गोदामात पोती मोजत बसलाईस," धोंडुबाई त्याला फोनवर म्हणाली. "काशिफसारखं टीव्हीत बसायला काय धाड भरली व्हती तुला?"

सम्राटनं उलट हुसेनबीचंच विचारलं. "मावशी रोज बघत्यात न्हवं?"

"बघती की. गल्ली डोक्यावर घेती."

"मग बास झालं, आई."

असला पोरगा. लहानपणी केस विंचरताना डोक्यावर दोन भोवरे दिसले, तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, याला दोन बायका मिळणार. भोवऱ्यांच्या मधे हापशावर आपटल्याची खोक, तिथं पुन्हा केस उगवलेच नाहीत. आता तिशी उलटली आणि एकीचाही पत्ता नव्हता. काशिफला मात्र कागलहून सोयरीक सांगून आली. टीव्हीतला मुलगा ना!

त्या आनंदात हुसेनबीनं गल्लीभर शिरखुर्मा वाटला. धोंडुबाईच्या घशाखाली तो उतरेना. डिशची वायर टीव्हीच्या मागे असते, एवढं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गल्ली एका लग्नाला गेली होती. चारच्या ठोक्याला धोंडुबाई हुसेनबीचा उंबरा ओलांडून आत गेली. आजवर ती दारातूनच नाक मुरडून परतायची.

"किती गं धूळ ही! थांब, पुसती."

"पूस बाई. मला कुठं दिसतंय."

धोंडुबाईनं टीव्हीच्या मागे हात घातला. वायर सापडली. तिनं ती ओढली, अर्धी बाहेर आली. तिचा चेहरा पडद्यापासून वीतभर अंतरावर होता.

तेवढ्यात कॅमेरा कधी नव्हे तो पुढे सरकला, थेट काचेपाशी. निळ्या शर्टातल्या माणसाचं पाठमोरं डोकं पडदाभर झालं.

दोन भोवरे. मधे बिनकेसांची खोक.

धोंडुबाईनं पडद्यावरच्या त्या खोकेवरून बोट फिरवलं.

"दिसला का गं माझा काशिफ?" मागून हुसेनबीनं विचारलं.

धोंडुबाईनं वायर पुन्हा आत घट्ट दाबली.

"दिसला की," ती म्हणाली. "जरा वाळलाय बघ, तुझा काशिफ."