टाचणीची जागा

शिंप्याची मांजर टाचणी तीन वर्षांत त्याच्या मांडीवर एकदाही बसली नव्हती. त्याला ताप भरला, तशी ती त्याच्या पोटावर मुक्कामालाच आली. दुखणं राहिलं बाजूला, शिंप्याला मिरवायला विषय मिळाला.

"बघ, किती जीव आहे हिचा माझ्यावर!"

"जीव कसला? आयती शेगडी मिळाली तिला," बायको म्हणाली. त्याचे राहिलेले गणवेश मशीनवर तीच शिवत होती. "ताप उतरू दे, ढुंकून बघणार नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. टाचणीने आळस दिला, पलंगावरून उडी मारली आणि मशीनच्या खडखडाटापासून एरवी दहा हात लांब राहणारी ती थेट बायकोच्या मांडीवर जाऊन बसली.

"फितूर कुठली!" शिंपी फुरंगटला. "तुझंच खरं झालं. हिला आपली ऊब..."

बोलता बोलता तो थांबला. उठून त्याने बायकोच्या कपाळाला हात लावला आणि मशीन बंद केलं.

"काही झालेलं नाही मला. दोनच बाह्या राहिल्यात."

"ते टाचणीला सांग," म्हणत त्याने दोघींना पलंगावर धाडलं.