मिनिटामागे चार सेकंद

सिस्टरच्या बाजूची टिकटिक घाईत होती.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला काकांचा कान तो. बुद्धिबळाच्या जुळ्या घड्याळाची एक तबकडी काकांची, एक समोर बसलेल्या, दवाखान्यातल्या सिस्टरची. सिस्टर विचारात होत्या तोवर काकांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटामागे चार सेकंद पुढे. क्लबचं हे घड्याळ गेल्याच आठवड्यात त्यांनी साफ केलं होतं. चाचणीसाठी त्या बाजूचा वेग वाढवला होता, तो कमी करायचा राहूनच गेला.

पटावर काकांचं काही खरं नव्हतं. राजा उघडा पडलेला, दोन्ही उंट गेलेले. आणखी तीन चाली आणि मात. जिंकेल तो क्लबच्या संघात पाचवा. संघ तो केवढा, पाचवा नंबर तो केवढा, पण बावीस वर्षं ती खुर्ची काकांची होती. ती गेली तर रविवारी काय, दुकानातली घड्याळं बघत बसायचं?

सांगावं, तर खुर्ची गेली आणि दुकानाची अब्रूही गेली. पंच फिरत फिरत टेबलापाशी आले. चोराच्या मनात चांदणं. काकांनी बाही ओढून मनगटावरचं घड्याळ झाकलं.

"काही हवंय का, काका?" पंचांनी हळूच विचारलं.

काकांनी तोंड उघडलं.

"पाणी," ते म्हणाले.

सिस्टरनी हत्ती उचलला. तो खाली ठेवायच्या आत त्यांच्या तबकडीवरचं लाल निशाण पडलं.

"सिस्टरची वेळ संपली. डाव काकांचा," पंच म्हणाले.

सिस्टर हत्ती हातात धरून बसल्या. "मनातल्या मनात मोजत होते मी. रोज पेशंटच्या नाड्या मोजते ना. तीनेक मिनिटं उरायला हवी होती." मग त्या हसल्या. "पण घड्याळ तुम्ही लावलेलं म्हटल्यावर माझंच मोजणं चुकलं असणार."

काकांनी हात पुढे केला. सिस्टरनी तो हातात घेतला आणि सवयीनं त्यांची दोन बोटं काकांच्या मनगटावरच्या नाडीवर गेली. त्यांचं हसू मावळलं.

"बसा बघू जरा, काका. फार पळतेय तुमची."