उंबऱ्याच्या आतली हाक

धरणाने हाक मारली तेव्हा रेवती गाईचं दावं सोडत होती. आवाज गेलेल्या सासऱ्यांचा होता. "अगं ए, धरणाचे दरवाजे उघडलेत. टेकडीवर चल."

भोंग्याला कुणी जुमानत नाही, म्हणून धरण आता ज्याच्या त्याच्या घरातल्या मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलायचं. घर रिकामं झालं की आवाज आपोआप बंद व्हायचा.

सासूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत.

"आई, चला ना!"

"तू हो पुढं. मी उंबरा ओलांडला की ते गप्प होतात गं. वर्षभर वाट बघितलीय."

रेवतीने त्यांना हाताला धरून ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि रिकाम्या खोलीला विचारलं, "जेवलात का?"

पाणी अंगणात शिरलं, तशी रेवती लेकीला उचलून धावली. टेकडीवरून मागे पाहिलं, तर घराचं कौलही दिसेना.

पुढच्या पावसाळ्यात, त्याच जागी बांधलेल्या नव्या घरात, धरणाने पुन्हा हाक मारली. "रेवती, पाणी आलं गं पोरी. निघ लवकर."

आवाज सासूबाईंचा होता.

रेवतीने लेकीला शेजारणीच्या कडेवर दिलं. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि उंबऱ्याच्या आत खाली बसली.